बिनआकड्याची जागा

नकाशेकाकांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत दोनशे अकरा शाळांचे नकाशे काढले आणि खरं सांगायचं तर एकच काढला. बांधकाम खात्याच्या कपाटात एक ठरलेला नकाशा होता. एका ओळीत पाच खोल्या, समोर सहा फुटी व्हरांडा, टोकाला मुख्याध्यापकांची खोली. प्रत्येक खोली वीस बाय पंचवीस. खिडकी जमिनीपासून साडेतीन फुटांवर, म्हणजे आतल्या मुलांना बाहेरचं काही दिसायला नको. खात्यात या नकाशाला सगळे 'डबा' म्हणत. कुठेही शाळा मंजूर झाली की साहेब सांगायचे, "काका, एक डबा काढा," आणि काका कोपऱ्यातल्या चौकटीत शाळेचं नाव बदलून डबा काढून द्यायचे. पूर्वी तो ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनाने काढावा लागे, तेव्हा निदान आठवडा तरी जायचा. संगणक आला आणि काम पाच मिनिटांवर आलं. त्यातली चार मिनिटं संगणक सुरू व्हायला लागायची.

केस तिशीतच पांढरे झाले म्हणून ते काका झाले. खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. शर्टाच्या खिशात कायम सहा इंची पट्टी. माणसं घड्याळ बघतात तसे काका पट्टी काढायचे. बसच्या बाकाची उंची, उपाहारगृहातल्या टेबलाची रुंदी, दवाखान्याच्या पायरीची चढण, जे हाताला लागेल ते मोजायचे आणि बहुतेक वेळा "चुकलंय" म्हणून पट्टी परत खिशात ठेवायचे. लग्नानंतर भाड्याच्या घरात पाऊल ठेवलं त्याच दिवशी त्यांनी टेप काढला आणि नव्या नवरीच्या हातात शून्याचं टोक दिलं.

"हे भिंतीला टेकवून धर. हलू द्यायचं नाही. शून्य हललं की पुढचे सगळे आकडे खोटे."

नवरी हसू दाबत भिंतीपाशी बसली. पण शून्य तिने हलू दिलं नाही, आणि काकांनी त्याच दिवशी मनात म्हटलं की बायको बरी मिळाली.

बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सगळी शाळा तिला बाई म्हणायची, हळूहळू गल्लीही म्हणायला लागली आणि शेवटी घरातही त्या बाईच झाल्या. एकोणतीस वर्षं त्यांनी शिकवलं आणि त्यातली बावीस नवऱ्याने काढलेल्या डब्यात, खोली क्रमांक तीनमध्ये. हा योग सुखाचा होता असं म्हणवत नाही. संध्याकाळी घरी आल्या की पर्स टेबलावर टाकून त्यांचं सुरू व्हायचं.

"अहो, तुमच्या त्या खोलीत चाळीस पोरं मावतात, पण एक गोष्ट सांगायची म्हटली तर मावत नाही. गोल बसवायचं कुठे? बाकं सरकवली तर दार उघडत नाही."

"नकाशात गोल बसायचं नाहीये," काका म्हणायचे.

"आज एकाला नाकतोडा सापडला. चौथीच्या मुलांना दाखवायचा होता त्याला. मध्ये भिंत. मी म्हटलं जा, तर चौथीच्या बाई म्हणाल्या माझा वर्ग बिघडतो. नाकतोडा मेला शेवटी."

नाकतोडा मेला याचा ठपकाही काकांवरच यायचा. ते निमूटपणे जेवायचे. पण बाई बोलायच्या ते कानाआड जात नव्हतं. वर्षानुवर्षं ते कुठेतरी आत साठत होतं. सगळ्या वर्गांच्या मधोमध एक मोठी जागा हवी, सगळ्या खोल्या तिच्यात उघडणाऱ्या. भिंती हव्यात, पण हव्या तेव्हा सरकणाऱ्या. पहिलीच्या पोराने दुसरीत डोकावावं, चौथीच्या पोरीने पहिलीच्या पोराला बुटाची नाडी बांधायला शिकवावी. बाईंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली, गुडघे गेले, पण हे काही थांबलं नाही. आता त्या पेन्शनीत बसून तेच बोलायच्या.

आणि मग खात्यात एक तरुण साहेब बदलून आले. बाहेर शिकून आलेले, अंगात उत्साह मावत नव्हता. पहिल्याच आठवड्यात काकांच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "काका, ही नवी शाळा आहे. यंदा डबा नको. काहीतरी वेगळं काढा. खुली जागा, सगळ्यांची जागा, असं काहीतरी."

काकांना वाटलं, आपली थट्टा चाललीय. मग साहेब खरंच बोलतायत हे लक्षात आलं आणि त्यांना घाम फुटला. इतक्या वर्षांत डब्याखेरीज दुसरं काही काढायला त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या महिन्यात घरच्या जेवणाच्या टेबलावर जेवण झालंच नाही. टेबलभर कागद. काका रेघा ओढायचे आणि बाई समोर बसून त्या खोडायला लावायच्या. मधोमध मोठी जागा, तिच्या तीन बाजूंना पाच वर्ग, चौथी बाजू अंगणाकडे मोकळी. वर्ग आणि मधली जागा यांच्यामध्ये घडीचे पडदे, लाकडाचे, आतल्या बाजूला फळा म्हणून वापरता येतील असे. खाली रूळ असला की पोरं अडखळणार, म्हणून ते वरून टांगलेले. खिडक्या दीड फुटावर. एका कोपऱ्यात दोन लांब रुंद पायऱ्या, नुसत्या बसायला. कपाटांना चाकं.

मुलं म्हणून बाईंनी शिवणाच्या डब्यातली बटणं काढली. पहिलीची लाल, दुसरीची निळी, असे पाच रंग. मग दोघं म्हातारी माणसं टेबलावर शाळा खेळायला बसली. "आता गोष्टीचा तास," म्हणत बाई लाल आणि निळी बटणं मधल्या जागेत सरकवायच्या. "आता चित्रकला," की पिवळी यायची. काका पट्टीने मोजून सांगायचे, एवढी मुलं आली तर अमुक फूट जागा लागेल. एकदा एक लाल बटण घरंगळत टेबलाखाली गेलं. काका वाकून शोधायला लागले.

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या. "घंटा झाली की येईल आपापलं."

दोघं किती हसली. काकांना पुढे ते हसू फार वेळा आठवलं, आणि आठवलं की जेवण जाईना.

नकाशा पक्का झाला तेव्हा काकांनी वर्गांना आकडे दिले. खात्याची पद्धतच तशी, नकाशातल्या प्रत्येक खोलीला गोलात आकडा असतो. एक ते पाच. मधल्या जागेपाशी पेन आलं आणि थबकलं. सहा लिहायचं? पण सहा म्हणजे पाचच्या पुढची आणखी एक खोली. ही खोली नव्हती. ही सगळ्यांची जागा होती. काकांनी आकडा दिला नाही. सगळ्या नोकरीत पहिल्यांदा त्यांनी पद्धत मोडली आणि त्या जागी सुंदर अक्षरात 'मधली जागा' एवढंच लिहिलं. त्यांना त्याचा अभिमान वाटला, आणि सही करणाऱ्या कोणाच्याही ते लक्षात आलं नाही.

शाळा उभी राहिली. तरुण साहेबांची त्याआधीच बदली झाली होती. उद्घाटनाला बाईंचे गुडघे सुजलेले होते, म्हणून काका एकटेच गेले आणि नंतरही दोन-तीनदा काहीतरी निमित्त काढून जाऊन आले. पडदे घडी होऊन कडेला उभे असायचे. पायऱ्यांवर दोन वर्ग मिसळून बसलेले असायचे. एका कोपऱ्यात चौथीची एक मुलगी पहिलीच्या पोराची नाडी बांधत बसलेली त्यांनी या डोळ्यांनी पाहिली. घरी येऊन त्यांनी ते बाईंना सांगितलं, तर बाई म्हणाल्या, "खोटं. माझं मन राखायला सांगताय."

"आईशप्पथ," काका म्हणाले. बाई पदार्थ जळतोय का बघायला स्वयंपाकघरात गेल्या, आणि गॅसवर काहीच नव्हतं.

हे चार महिने चाललं. काकांच्या आयुष्यातले चांगले महिने किती, असं कोणी विचारलं असतं तर त्यांनी चार सांगितले असते.

पाचव्या महिन्यात पहिलीतली एक मुलगी हरवली. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. त्या दिवशी पहिली आणि दुसरी मधल्या जागेत चित्रं काढत होती. तास संपला, वर्ग आपापल्या जागी गेले. पहिलीच्या शिक्षिकेला वाटलं, ती अजून दुसरीच्या मुलांबरोबर चित्र पुरं करतेय. दुसरीच्या शिक्षिकेला वाटलं, ती आपल्या वर्गात गेली. पुस्तकांचे गठ्ठे घेऊन टेम्पो आला होता म्हणून फाटक उघडं होतं. मुलगी हातात चित्र घेऊन आईला दाखवायला निघाली. अडीच तासांनी तीन गल्ल्या पलीकडे, बसथांब्याच्या बाकावर झोपलेली ती एका पंक्चरवाल्याला दिसली. तिला काहीही झालं नव्हतं. चित्रसुद्धा हातातच होतं.

पण अडीच तास. तिच्या बापाने शाळेत येऊन जो आकांत केला तो ऐकून शेजारच्या दुकानांची माणसं रस्त्यावर आली. त्याचं काही चुकलं असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही. चौकशी लागली. चौकशीचा एक छापील फॉर्म असतो, त्यात एक ओळ आहे: घटनेच्या वेळी विद्यार्थी कोणत्या खोलीत होता, खोली क्रमांक. पहिलीच्या शिक्षिकेने तिथे लिहिलं, 'मधल्या जागेत'. फॉर्म परत आला. वर तांबड्या शाईत शेरा होता, 'मंजूर नकाशात या नावाची क्रमांकित खोली नाही. खोली क्रमांक नमूद करावा.' तिने बिचारीने क्रमांक कुठून आणावा? हजेरीपटावर मुलगी तिची, म्हणून शेवटी एक लिहिलं. आणि एक लिहिलं म्हणजे मुलगी तिच्या वर्गातून गेली असं झालं. तिला निलंबित केलं.

हे सगळं काकांना खात्यात कळलं. घरी त्यांनी एवढंच सांगितलं, "एक मुलगी जरा इकडेतिकडे गेली होती. सापडली." बाईंनी विचारलं, "शिक्षिकेला काही झालं नाही ना?" आणि काका म्हणाले, "छे." बाईंशी ते खोटं बोलले असं आजवर फारसं झालं नव्हतं.

मग आदेश आला. शाळेच्या मागणीनुसार मधल्या जागेत दोन पक्क्या भिंती घालाव्यात, मधून बोळ ठेवावा, बोळाच्या एका बाजूला भांडारगृह, दुसऱ्या बाजूला कार्यालय, क्रमांक सहा आणि सात. पडदे काढून तिथेही भिंती. मापं घेऊन सुधारित नकाशा तयार करावा. आत्ताचे साहेब माणूस वाईट नव्हते, त्यांना फक्त आणखी कुठली चौकशी मागे लावून घ्यायची नव्हती. काकांनी फार गयावया केली तेव्हा ते म्हणाले, "शाळेने लेखी दिलं की भिंती नकोत, तर थांबवतो मी. पण काका, लिहून देणार कोण?"

काकांच्या निवृत्तीला एकोणीस दिवस उरले होते. लिहून देणार कोण, याचं उत्तर त्यांना घरी जाताना बसमध्ये सुचलं. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका एके काळी बाईंच्या हाताखालच्या. बाई खोली क्रमांक तीनमध्ये आणि ही नवखी पोर चारमध्ये. पहिल्या दिवशी वर्ग आवरेना म्हणून रडत बसली होती, तेव्हा बाईंनीच तिला उभं केलं. अजून बाईंना भेटली की वाकून पाया पडायची. ती ऐकेल तर बाईंचंच ऐकेल.

"चल, तुला शाळा दाखवतो," सकाळी काका म्हणाले.

"आता? या गुडघ्यांनी?"

"दोनच बस बदलायच्या. भिंती घालायचं चाललंय तिथे. तू सांगितलंस तर ती ऐकेल. तुझी कल्पना आहे, तूच वाचव."

बाईंनी एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा त्यांच्या पिशवीकडे, आणि चपला घातल्या. आदेश निघालाय हे काकांनी सांगितलं नव्हतं. टेप त्यांनी पिशवीत जेवणाच्या डब्याखाली ठेवला होता. मन वळलंच नाही तर मापं न घेता परत येऊन साहेबांना काय सांगायचं, म्हणून. माणूस वाचवायला निघतो तेव्हाही नोकरी त्याच्या पिशवीत असतेच.

शाळेत पोचेपर्यंत अकरा वाजले. बाई फाटकातून आत आल्या आणि मधल्या जागेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. पाचही पडदे बंद होते आणि प्रत्येकाला साखळी, साखळीला कुलूप. कोपऱ्यातल्या बसायच्या पायऱ्यांवर मोडकी बाकं रचून ठेवली होती. जमिनीवर एका कडेने दोन फूट सोडून पिवळा रंगीत पट्टा ओढला होता, आणि तिसरीतली की चौथीतली काही मुलं त्या पट्ट्याच्या आतून, भिंतीला खेटून, ओठांवर बोट ठेवून एका रांगेत मोरीकडे चालली होती. बाकी सगळी जागा रिकामी. वरून उजेड मात्र मोप येत होता, काकांनी काढला होता तसाच.

"केवढी आहे हो," बाई म्हणाल्या. टेबलावर ती त्यांच्या दोन तळहातांएवढी होती.

मुख्याध्यापिका धावत आल्या, पाया पडल्या, मधल्या जागेच्या कडेला मांडलेल्या आपल्या टेबलापाशी खुर्च्या मागवल्या. चहा आला. बाईंनी चहाला हात लावला नाही.

"ती पहिलीची शिक्षिका कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मुख्याध्यापिकेने काकांकडे पाहिलं. "घरी आहे, बाई. निलंबित. काकांनी सांगितलं नाही?"

काका आपल्या बुटांकडे बघत राहिले.

"किती वर्षांची नोकरी?"

"अकरा. चांगली होती हो. गोष्टी इतक्या छान सांगायची की माझी पाचवीची पोरं पडद्याला कान लावून बसायची. आता फोन केला तर उचलत नाही."

बाईंनी नवऱ्याकडे हात केला. "नकाशा द्या."

काकांनी घडीचा नकाशा पिशवीतून काढून दिला. बाईंनी तो मांडीवर पसरला, चष्मा चढवला आणि बोट ठेवत ठेवत एक, दोन, तीन, चार, पाच मोजले. बोट मध्ये येऊन थांबलं.

"या जागेला आकडा का नाही दिलात?"

"अगं, ती सगळ्यांची ना," काका म्हणाले. "म्हणून मुद्दाम नाही दिला."

"आकडा असता तर वेळापत्रकात आली असती. वेळापत्रकात आली असती तर तिथे उभं राहणं हे कुणाचं तरी काम झालं असतं. तिने फॉर्मवर तो आकडा लिहिला असता." बाईंचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "चौतीस वर्षं प्रत्येक मोरीला आकडा दिलात तुम्ही. इथेच कुठून हुक्की आली?"

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांच्या आयुष्यातली ती एकच हौस होती. "तू तरी सांगायचंस तेव्हा," ते कसेबसे म्हणाले.

"मी काय सांगितलं ते विसरलात? बटण पडलं तेव्हा? घंटा झाली की येईल आपापलं." बाईंनी चष्मा काढला. "एकोणतीस वर्षं शिकवलेली बाई मी. असं म्हणाले."

काकांना एकदम हुरूप आला. चूक आकड्याची असेल तर ती सुधारता येते, असं त्यांना वाटलं. ते खुर्चीच्या टोकावर सरकले. "मग आता देऊ की आकडा! सहा. भिंत कशाला हवी? अहो मॅडम, तुम्ही फक्त दोन ओळी लिहून द्या. भिंती नकोत, मधल्या जागेला खोली क्रमांक सहा द्यावा. मी आजच्या आज नकाशा बदलतो. पडदे उघडा. झालं!"

मुख्याध्यापिकेने टेबलाच्या काचेखालचं वेळापत्रक बाहेर काढलं आणि काकांपुढे ठेवलं.

"क्रमांक दिला की त्याच्यापुढे नाव लिहावं लागतं, काका. प्रत्येक तासाला एक. पाच वर्ग, पाच जणी आम्ही, त्यात एक घरी. माझा वर्ग सांभाळून मी तिचाही सांभाळते. तुम्हीच सांगा, सहापुढे कोणाचं नाव लिहू? जिचं लिहीन तिच्या समोर उद्या तो फॉर्म येणार." त्यांनी वेळापत्रक बाईंकडे वळवलं. विचारताना त्यांचे डोळे भरले होते, पण विचारलं. "बाई, तुम्ही नोकरीत असतात, तर मी तुमचं नाव लिहिलं असतं. तुम्ही लिहू दिलं असतंत?"

काकांनी बायकोकडे पाहिलं. आता ही उसळेल, असं त्यांना वाटलं. नाकतोड्यासाठी बावीस वर्षं भांडलेली बाई होती ती. एक 'हो' पुरे होता. एका 'हो'वर मुख्याध्यापिकेने दोन ओळी लिहून दिल्या असत्या, याबद्दल काकांच्या मनात आजही शंका नाही.

बाई मोकळ्या जागेकडे बघत होत्या. पलीकडे कोणत्यातरी वर्गात पाढे चालले होते, साखळी लावलेल्या पडद्यामागून ते दबके दबके येत होते.

"नाही," त्या म्हणाल्या. "नसतं लिहू दिलं."

मुख्याध्यापिका मान खाली घालून रडल्या. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तीस वर्षांपूर्वी ठेवला असेल तसाच. काका काय करावं न सुचून उठले, खिशातली पट्टी काढली, आणि मोजण्यासारखं काही नव्हतं म्हणून परत ठेवली. आपली सगळी आशा या बाईवर होती आणि ही बाई खरं बोलली, यात रागवायचं कोणावर, हेच त्यांना कळेना. बाईंवर रागवून बघितलं, पण राग टिकला नाही.

"टेप आणलाय ना?" बाईंनी विचारलं.

"कसला टेप?"

"डब्याखाली ठेवलाय तो. सकाळीच पाहिला मी. काढा. तुम्ही नाही मोजलंत तर दुसरा कोणी येईल, आणि तो त्या खोलीला खिडकीसुद्धा ठेवणार नाही."

"अगं, भांडारगृह आहे ते. त्याला खिडकी कशाला लागते?"

"ठेवा एक," बाई म्हणाल्या. "दीड फुटावर."

टेप धरायला शाळेत मोकळा माणूस नव्हता. बाई स्वतःच भिंतीचा आधार घेत, एकेक गुडघा मोडत खाली बसल्या. त्यांना बसायला एवढा वेळ लागला की काका दोनदा म्हणाले, राहू दे, मी करतो काहीतरी. बाईंनी हात पुढे केला. काकांनी टेपचं शून्याचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि टेप उलगडत मधली जागा ओलांडून पलीकडे गेले. वाटेत त्यांना पिवळा पट्टा लागला, तो त्यांनी नकळत पाय उचलून ओलांडला.

"ओढू नका जास्त," बाई इकडून म्हणाल्या. "घट्ट धरलंय मी."

काकांनी आकडा वाचला. बत्तीस फूट चार इंच. त्यांनीच काढलेलं माप, एका इंचाचाही फरक नव्हता. बांधकाम चोख झालं होतं. त्यांनी तो आकडा वहीत लिहिला आणि डोळ्यांपुढे धुकं आल्यामुळे पुन्हा एकदा टेपवर वाकून वाचला.

तेवढ्यात घंटा झाली. दुसऱ्या टोकाच्या दारातून पहिलीची मुलं बाहेर आली, पट्ट्याच्या आत, ओठांवर बोट ठेवून. भिंत जिथे येणार होती तिथे जमिनीपासून वीतभर उंचीवर टेप ताणलेला होता. पुढच्या मुलाने तो बघितला, थांबला, मग पाय उंच उचलून पलीकडे गेला. त्याच्या मागून दुसरा, तिसरा. कोणी हसलं नाही, कोणी बोटही काढलं नाही. बाईंनी टेप हलू दिला नाही.

सगळ्यात शेवटी एक लहानगी होती, पुढचे दोन दात नसलेली. ती हरवलेली मुलगी हीच का, हे विचारायचं काकांच्या मनात आलं, पण पहिलीत सगळ्यांचेच दात पडलेले असतात. ती टेपपाशी थांबली, ओठांवरचं बोट काढलं आणि खाली बसलेल्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं, "इकडून जाऊ का?"

"आज जा," बाई म्हणाल्या.